दोन सॅक्सोफोनांचे भाऊबंद

‘किन्समेन’ला मराठीत ‘भाऊबंद’ म्हणावे, तर मागोमाग ‘भाऊबंदकी’ आठवते. रुद्रेश महंथप्पा यांच्या २००८ सालच्या या अल्बमकडे मी तशाच धास्तीने वळलो. जॅझ आणि कर्नाटक संगीत एकत्र आले की बहुधा एक यजमान होतो आणि दुसरा शोभेचा पाहुणा.

महंथप्पा भारतीय आईवडिलांचे, पण वाढले अमेरिकेत. चार्ली पार्करच्या परंपरेत त्यांचा हात घडला. भारतीय नाव असल्यामुळे भारतीय संगीत त्यांना येतच असणार, असे लोक गृहीत धरीत. विद्यार्थिदशेत भावाने त्यांना थट्टेने कद्री गोपालनाथ यांची ध्वनिमुद्रिका दिली. थट्टेतून पुढे शोध सुरू झाला. नागस्वरवादकाच्या घरात जन्मलेल्या गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तो कर्नाटक मैफलीत बसवला. ‘किन्समेन’मध्ये हे दोघे एकत्र वाजवतात.

दोघांचेही वाद्य आल्टो सॅक्सोफोन. त्याची छिद्रे चाव्यांनी झाकली जातात. त्यामुळे स्वर पायऱ्यांसारखे सुटे पडतात. ओठांचा दाब, फुंक आणि बोटे यांच्या मेळाने गोपालनाथ त्या पायऱ्यांमधून गमक काढतात. महंथप्पांची वाट वेगळी. जॅझमध्ये बदलत्या स्वरसंघातांवर धून रचायची असते, तर कर्नाटक पद्धतीत षड्ज अढळ. रेझ अब्बासींची गिटार, ए. कन्याकुमारींचे व्हायोलिन आणि पूवलूर श्रीजींचे मृदंगम् यांच्या संगतीत हे दोन्ही नियम शेजारी नांदतात.

अल्बममधील एका रचनेचे नाव ‘कल्याणी’. हा राग आपल्या यमनचा सख्खा शेजारी: तीव्र मध्यम, बाकीचे स्वर शुद्ध. हेच सात स्वर जॅझमध्ये ‘लिडियन’ म्हणून शिकवतात. म्हणजे स्वरांची यादी एकच. राग मात्र यादीत मावत नाही. कोणत्या स्वरावर थांबायचे, शेजारच्या स्वराला स्पर्शून कसे यायचे, यात तो राहतो. चार-पाच वेळा ऐकल्यावर डोळे मिटूनही मला वादक ओळखता येऊ लागला, तो स्वराच्या उगमावरून.

गोपालनाथ २०१९ मध्ये गेले. आता ऐकताना जाणवते, की इथे कुणी कुणाची बोली उसनी घेतलेली नाही. दोघे आपापल्या बोलीत बोलतात आणि तरी एकमेकांना पुरते कळतात. माझी धास्ती तिथेच विरली.