ओळखीची बाटली, अनोळखी विष

व्यापारी कुटुंबाला घाऊक खरेदीची सवय असते. फिनेल, संडास धुण्याचे अ‍ॅसिड, रंगकामाचे टर्पेंटाइन असे सारे मोठ्या कॅनने घरात येते. कॅन जड, म्हणून त्यातले थोडे शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवले जाते. काटकसरीच्या दृष्टीने यात काही वावगे दिसत नाही. पण लहान मुलांच्या कितीतरी अपघातांचा उगम या काढून ठेवण्यातच असतो. दोन वर्षांच्या मुलाला अक्षर कळत नाही, बाटलीचा आकार मात्र कळतो. त्या आकारातून आजवर गोड पेयच मिळाले, हेही त्याच्या लक्षात असते. शिवाय मूळ डबा टाकून दिलेला असला, तर ‘काय प्यायले?’ या डॉक्टरांच्या पहिल्याच प्रश्नाला घरात उत्तर नसते.

अशा वेळी वडीलधारी मंडळी मिठाचे पाणी पाजून उलटी करवतात. हेतू चांगला, परिणाम घातक. अ‍ॅसिड उतरताना अन्ननलिका जाळते आणि उलटून येताना पुन्हा जाळते. रॉकेल किंवा टर्पेंटाइन उलटीबरोबर श्वासनलिकेत शिरले, तर फुप्फुसांना सूज येते. तोंड पुसावे, उलटी करवू नये, डबा बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देते.

कपाटातील डांबराच्या गोळ्या मुलांना पेपरमिंटसारख्या दिसतात. काही मुलांच्या रक्तात जी६पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनमुळे फुटू लागतात. गोळ्यांत जपलेली जुनी दुपटी बाळाला धुऊन, उन्हात वाळवूनच वापरावीत.

मात्र व्यापारी घरांनी सर्वाधिक सावध राहावे ते गोदामाबाबत. खाली दुकान, मागे गोदाम, वर बिऱ्हाड ही रचना बाजारपेठांच्या जुन्या गावांत आजही आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून गोदामात अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या जातात. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो भिंतीच्या फटींतून, जिन्यातून, लाकडी तक्तपोशीतून वर चढतो आणि खाली अंथरुणावर झोपलेल्या मुलांना मोठ्यांच्या आधी बाधतो. या विषावर उतारा नाही. म्हणूनच या गोळ्यांचा वापर सर्वसामान्यांसाठी खुला नाही. प्रशिक्षित माणसांनी, रिकाम्या व बंदिस्त जागेत करावयाचे ते काम आहे. माणसे राहत असलेल्या इमारतीत ते करूच नये. घरापुरत्या धान्यासाठी तर त्याची गरजच नाही. धान्यात जीव पडू नयेत म्हणून ते कडक उन्हात वाळवणे, डाळीला एरंडेल चोळणे, कोठीत कडुनिंबाचा पाला घालणे ही आजीची पद्धत पुरेशी आहे.

घरातील दोघा-तिघांना एकाच रात्री उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली, की सगळे ‘जेवण बाधले’ म्हणून लिंबू-सरबत करतात. त्या आठवड्यात गोदामात गोळ्या टाकल्या असतील, तर प्रथम साऱ्यांनी मोकळ्या हवेत यावे आणि मग रुग्णालयात जावे. तेथे गोळ्यांची गोष्ट सांगायला घरचे लोक बिचकतात. परवाना विचारतील, दुकानाचे नाव निघेल, ही भीती असते. पण डॉक्टर अन्नविषबाधेचे उपचार करीत राहिले, तर जाणारे तास मुलाचे असतात. कोणत्या गोळ्या, किती आणि केव्हा ठेवल्या, हे दारातच सांगावे.