जत्रा वर्षातून एकदा, शिफ्ट मात्र रोज

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ लागते. सातारा जिल्हा इथून सुरू होतो आणि खंडाळा तालुकाही. (लोणावळ्याशेजारचा खंडाळा वेगळा. हा खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा.) पहाट सरली की महामार्गाच्या कडेला डबा आणि ओळखपत्र घेतलेली माणसे कंपनीच्या बसची वाट पाहत उभी दिसतात. शिरवळ, धनगरवाडी, केसुर्डी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत फ्रिजपासून रंगांपर्यंत आणि औषधाच्या कॅप्सूलपर्यंत कितीतरी वस्तू तयार होऊ लागल्या. ज्यांच्या आजोबांनी दिवसभर बैलांमागे पायपीट केली, त्यांची नातवंडे आठ तास यंत्रासमोर उभी राहतात किंवा संगणकासमोर बसतात. जाण्यायेण्याचा तास-दीड तास बसमध्ये किंवा दुचाकीवर जातो. ओव्हरटाइम असला तर दिवस तिथेच संपला.

काम बदलले, पण बाकीचे जगणे बदलले नाही. भावकीतले लग्न चुकवता येत नाही. गावची जत्रा, मित्राच्या मुलाचे बारसे, आखाडातले जेवण, महामार्गावरच्या ढाब्यावर कुणाच्या तरी बढतीची पार्टी, हे सगळे होणारच. आणि ते व्हावेही. माणसे जोडलेली असणे हेसुद्धा आरोग्यच आहे. प्रश्न असा की, आजोबांच्या अंगाला जे जेवण सोसत होते ते नातवाला सोसेल का? आणि व्यायामाला वेळ काढायचा तरी कुठून?

‘अंगाने बारीक आहे, मला काय होतंय’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी पुण्याचेच एक उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता. कागदावर दोघेही अगदी ठाकठीक. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. एक जण मॅरेथॉन पळणारा. दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्यासाठी केलेली धावपळ, असे त्या लेखातच गमतीने म्हटले होते. आपले जन्माच्या वेळचे वजन कमी होते, त्याचाही यात वाटा असू शकतो, हेही याज्ञिकांनी नोंदवले होते.

म्हणजे वजनकाटा आपल्याकडे नीट साक्ष देत नाही. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, ही भारतीय ठेवण आहे. स्नायू कमी, चरबी जास्त आणि तीही पोटाच्या आत, यकृताभोवती. म्हणून भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. शिंप्याची टेप पुरेशी आहे. विजारीचा नंबर हा पुरावा मानू नये, कारण पोट सुटले की ती पोटाखाली बांधली जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

पळून जिरवता येत नाही

व्यायामाबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे ‘रविवारी दाबून खाल्ले, सोमवारी पळून जिरवू’. हिशेब करून पाहावा. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात. ६५ किलो वजनाचा माणूस तासभर झपाझप चालला तर सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे उभ्याने चार घासांत संपवलेल्या एका वडापावसाठी तासाहून अधिक पायपीट. मटणाच्या ताटाचा हिशेब मग न केलेलाच बरा.

शिवाय शरीर फार काटकसरी असते. टांझानियातील हाड्झा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक. रोज मैलोन्‌मैल चालणारे. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा ऊर्जाखर्च मोजून २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. शरीराचा आकार लक्षात घेतला, तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकी माणसाइतकाच निघाला. जास्त हालचाल केली की शरीर दुसरीकडे कुठेतरी खर्च आवरते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हे सातारा जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. ज्यांनी तरुणपणी तालीम केली त्यांच्यापैकी काहींचे पुढे काय होते, हे गावोगाव दिसते. नोकरी लागली, लग्न झाले, तालीम सुटली, पण खुराक सुटला नाही. चाळिशीत तेच शरीर दम्याच्या रुग्णासारखे जिना चढते.

मग व्यायाम करायचा कशाला? जिरवण्यासाठी नव्हे, तर खाल्लेले योग्य जागी पोहोचवण्यासाठी. जेवणातली साखर रक्तात उतरते तेव्हा तिला ठेवून घेणारी सर्वांत मोठी कोठी म्हणजे आपले स्नायू. एरवी त्या कोठीचे दार उघडायला इन्शुलिन लागते. पण स्नायू हलत असतो तेव्हा तो इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत ओढतो. एका चांगल्या व्यायामानंतर हा गुण दिवसभर, कधी दोन दिवसही टिकतो. ज्याची कोठी लहान आणि दार गंजलेले, त्याच्या रक्तात साखर रेंगाळते आणि उरलेली चरबी होऊन यकृतात बसते. वजन एका किलोने न उतरताही व्यायामाचा फायदा होतो तो यामुळे.

मग खाण्याचे काय?

इथे बहुतेक घरांत चुकीच्या जागी तंटा होतो. ‘जत्रेत किती खाल्लंस’ यावर बोलणी बसतात आणि रोजच्या चहाकडे कुणी पाहत नाही. कामाच्या ठिकाणी, घरी, पाहुण्यांकडे मिळून दिवसाला सहा चहा होणे अवघड नाही. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली आणि चमच्यात पाच ग्रॅम, तर दिवसाला ६० ग्रॅम झाली. वर्षाची बेरीज जवळजवळ २२ किलो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. जत्रेचे जेवण वर्षातून एकदा येते. चहा सुटीच्या दिवशीही चुकत नाही.

जुन्या पंचांगात याची एक व्यवस्था होती. आखाडात मटण झाले की श्रावण यायचा आणि महिनाभर ताट आपोआप हलके व्हायचे. मटणाचे वार ठरलेले होते, उपासाचे वार ठरलेले होते. (उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा आला, ती गोष्ट वेगळी.) आता महामार्गावर ढाबे रोज उघडे असतात आणि हातात पगार दरमहा येतो. म्हणून सणाचे जेवण सणालाच राहील, एवढी वाटणी घरात ठरवलेली बरी. ढाब्यावर सुके मटण आणि भाकरी पोटभर खावी. त्याआधी तळलेला चखणा, सोबत गोड शीतपेय आणि शेवटी ‘आलोच आहोत तर’ म्हणून भाताचा दुसरा वाडगा, हे टाळले तरी ताट निम्म्याने हलके होते. चव मटणातच असते. मद्याच्या साठ मिलीतही सव्वाशेहून अधिक कॅलरी असतात, आणि ते पोटात गेले की किती खाल्ले याचा हिशेब राहत नाही.

लग्नातही हीच गंमत. पंगतीत वाढपी नको म्हटले तरी वाढायचा, पण उठायची वेळ ठरलेली असे. बुफेत कुणी आग्रह करत नाही आणि कुणी थांबवतही नाही.

रात्रपाळीचा प्रश्न सर्वांत कठीण. रात्री शरीर साखर हाताळायला तयार नसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत दोन आठवडे ठेवून कृत्रिम रात्रपाळी करायला लावली. काहींना रात्रीही जेवण दिले, काहींना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची रक्तातील साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. प्रयोग लहान आहे, पण त्याचा उपयोग करता येण्याजोगा आहे. रात्रीच्या शिफ्टला जाण्याआधी घरूनच नीट जेवून निघावे आणि मध्यरात्री पूर्ण थाळीऐवजी मूठभर फुटाणे, उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही-काकडी यावर भागवावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा हलवू नयेत, साखर एकदम उतरू शकते.

झोपेचेही असेच. १९९९ मध्ये शिकागोतील संशोधकांनी ११ तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेवढ्यात त्यांची साखर पचवण्याची ताकद लक्षणीय घटली. दिवसा झोपणाऱ्याच्या खोलीला जाड पडदा लावणे आणि घरातल्यांनी टीव्हीचा आवाज कमी ठेवणे हा म्हणूनच उपचाराचा भाग आहे.

वेळ कुठून आणायचा

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे माप. १५० मिनिटे म्हणजे रोजची २२ मिनिटे. एका दमात करायची सक्ती नाही. साठीपुढच्या दहा लोकांवर केलेल्या एका अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकीच सुधारली. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरण्यात तर जेवणानंतरचे चालणेच सरस ठरले. शतपावली हा आपल्याकडचा जुनाच शब्द. पावले फक्त शंभरावर थांबवू नयेत.

ज्यांना रोज जमतच नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. ब्रिटनमधील जवळपास ९० हजार लोकांच्या मनगटावर आठवडाभर यंत्र बांधून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याची बहुतेक हालचाल एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांनाही हृदयविकार आणि पक्षाघातापासून जवळपास तेवढेच संरक्षण मिळालेले दिसले. सुटीच्या सकाळी मित्रांसोबत मांढरदेवचा डोंगर चढला तर तो व्यायामही झाला आणि भेटही. वर्षभर न हललेल्या पन्नाशीच्या माणसाने मात्र एकदम चढाला भिडू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, असे काही जाणवले तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

ताकदीसाठी जिमचे पैसे नसले तरी अडत नाही. उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, सूर्यनमस्कार, आठवड्यात दोनदा वीस मिनिटे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठणे-बसणे पुरते.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट सहसा सुटते. ‘वेळ काढा’ हे पुरुषाला सांगणे सोपे आहे. कंपनीत पहिल्या शिफ्टला जाणारी बाई साडेचारला उठून स्वतःचा, नवऱ्याचा आणि मुलांचा डबा करते, संध्याकाळी परत चुलीपुढे उभी राहते आणि शेवटी उरलेले खाते. त्या उरलेल्यात भात भरपूर आणि डाळ तळाची असते. नवरा सुटीच्या दिवशी डोंगरावर गेला तर घरचे काम तिच्याच अंगावर वाढते. दिवसभराच्या उभ्या कामाने ती थकते, पण त्यातून दम वाढत नाही की स्नायू बनत नाहीत. संध्याकाळची भाकरी घरातल्या दुसऱ्या कुणी थापली, तर तिला चालायला अर्धा तास मिळतो. तिच्या ताटात डाळ आणि अंडे आधी पडायला हवे.

दरवर्षी नीरा स्नान करून ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि याच तालुक्यातील लोणंदला मुक्कामी येते. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर साठी-सत्तरीचे वारकरी चालत जातात, वाटेत गावोगावी पोटभर पंगती जेवतात. लोणंदकर त्यांना वाढतात. वाढून झाले की त्यांच्यासोबत पुढच्या मुक्कामापर्यंत चालत जायला काय हरकत आहे?

तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली तर तो उंबरठा आणि १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेहाची शक्यता, जी दुसऱ्या तपासणीने पक्की करतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका चाचणीत, उंबरठ्यावरच्या लोकांनी केवळ आहार आणि चालण्यात बदल केल्याने मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले होते. शिफ्ट बदलण्याच्या दिवशी सकाळ मोकळी असते. चहा न घेता, उपाशीपोटी केंद्रावर जायला ती सोयीची.