भाताभोवतीचा आठवडा
गोंदिया तालुक्यातले कामठा धानाच्या पट्ट्यातले. १९९९मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तांदळाचाच, म्हणून आठवड्याचा बेतही भातापासून आखणे सोयीचे.

आठवडी बाजारातली मेथी, पालक आधी संपवावी. कोहळे शेवटच्या दिवसांसाठी राखावे. भाजीच उरली नाही, तर बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा हुकमी!

रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचा, तर तो दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायलाच हवा. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात, उबेत वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा तापवूनही जात नाही.

गोडाला तांदळाची खीर: लिटरभर दुधाला पाव वाटी भिजवलेला तांदूळ, मंद आच. गूळ मात्र खीर उतरवून कोमट झाल्यावरच घालावा, नाहीतर दूध फाटते.