‘आवडेल तेथे प्रवास’ : पास कोणास लाभतो?

जलकुंडात उभे असलेले बीडचे अनुपम कंकालेश्वर मंदिर, अंबाजोगाईची योगेश्वरी व परळीचे वैद्यनाथ एवढेच पाहावयाचे असेल, तर राज्य परिवहन महामंडळाच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ या चार वा सात दिवसांच्या पासाचे प्रयोजन उरत नाही. कारण अंतर जितके दीर्घ, तितकाच तो किफायतशीर ठरतो. परळीहून औंढा नागनाथ, घृष्णेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि भीमाशंकर अशी महाराष्ट्रातील पाचही ज्योतिर्लिंगांची यात्रा योजिली असल्यास मात्र सात दिवसांचा पास अवश्य घ्यावा. तथापि स्त्रियांस मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत असून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांस प्रवास विनामूल्य आहे. सबब सरसकट सर्वांचे पास न काढता प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र मांडावा आणि चालू दर आगारातच विचारावेत.