फोटोला चिकटलेला मजकूर

एखाद्या गणेश मंडळाची स्मरणिका उघडा. अध्यक्षांचा फोटो कॉलममध्येच बसवलेला असतो आणि ओळी थेट त्यांच्या खांद्याला भिडलेल्या. ‘कार्यकर्ता’मधला शेवटचा काना आता चौकटीत घुसतो की काय, असं वाटतं. पान गिचमीड दिसतं आणि बोल लागतो फोटोग्राफरला. चूक असते ती फोटोभोवती न सोडलेल्या जागेची.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत कोरी जागाही हातानेच भरावी लागे. फोटोच्या ब्लॉकभोवती खिळ्यांपेक्षा बुटक्या लाकडी किंवा धातूच्या पट्ट्या बसवत. त्यांना शाई लागत नसे, म्हणून कागद तेवढा पांढरा राही. पट्टी नसेल तर जुळवलेल्या पानाचा फर्मा ढिला पडे. १९८५मध्ये पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आलं आणि पुढे या पट्टीची जागा आकड्याने घेतली. टेक्स्ट रॅप, म्हणजे फोटोभोवती मजकूर वळवायची सोय, चालू केली की पेजमेकर आपणहून १२ पॉइंट, म्हणजे सव्वाचार मिलिमीटर जागा सोडायचं. त्याचं प्रतिस्पर्धी क्वार्कएक्सप्रेस मात्र एका पॉइंटवर भागवायचं!

ही जागा लागते ती डोळ्यांच्या घडणीमुळे. आपल्याला लख्ख दिसतो तो नजरेच्या मध्यावरचा दोनेक अंशांचा भाग. पेपर ४० सेंटीमीटरवर धरला तर जेमतेम दीड सेंटीमीटर. त्यापलीकडे सगळं अंधुक. डच संशोधक हर्मन बाउमा यांनी १९७०मध्ये दाखवून दिलं, की नजरेच्या कडेचं अक्षर एकटं असलं तर ओळखू येतं, पण शेजारी गर्दी झाली की हुकतं. नजरेच्या मध्यापासून ते जितकं लांब, त्याच्या साधारण निम्म्या अंतरातले शेजारी त्याला नडतात. ओळ संपली की डोळा पुढच्या ओळीच्या सुरुवातीकडे झेपावतो, तो याच अंधुक भागात. म्हणून डावीकडचा फोटो जास्त त्रास देतो: ओळ जिथे सुरू व्हायची, नेमकी तिथेच कुणाच्या तरी झब्ब्याची नक्षी. सव्वाचार मिलिमीटरने ही गर्दी पुरती हटत नाही, पण ओळींची कड तरी सापडते.

चारही बाजूंना एकच आकडा भरला की झालं, असं पान लावणाऱ्या ऑपरेटरला वाटतं. खालच्या बाजूला तो फसतो. ओळी लीडिंगच्या, म्हणजे ओळी-ओळींमधल्या अंतराच्या, ठरलेल्या टप्प्यांवरच बसवायच्या असतील आणि फोटो दोन टप्प्यांच्या मध्येच संपला, तर पुढची ओळ थेट पुढच्या टप्प्यावर जाते. लीडिंग १४ पॉइंट असेल तर जागेत जवळपास तेवढीच भर पडू शकते. त्यात देवनागरीत डोळा अंतर मोजतो ते शिरोरेषेपासून. वर आलेल्या वेलांट्या तो हिशेबात धरत नाही. म्हणून खाली आकडा कमीच द्यावा.

फोटोशेजारी मजकुरासाठी उरलेली पट्टी फार अरुंद झाली, तर मात्र आकड्यांनी काही साधत नाही. दोन्ही कडा जुळवलेल्या मजकुरात ‘महानगरपालिकेच्या’सारखा शब्द आला, की ओळीत दोनच शब्द आणि मध्ये भगदाड. अशा वेळी फोटो सरळ कॉलमभर रुंद करून घ्यावा.