अपुऱ्या सरावानिशी लांब पल्ल्याची दौड

जमाखर्चाच्या पानांबरोबर एखाद्या आरोग्यविषयाची माहिती देण्याची या अहवालाची प्रथा आहे. यंदा लांब पल्ल्याच्या शर्यतींचा विषय घेण्यास कारण घडले आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि सेवाभावी संस्थांसाठी धावून निधी उभारण्याची रीत तिच्यामुळे आपल्याकडे चांगलीच रुजली. या वाटेने येणाऱ्या मदतीबद्दल आम्ही कृतज्ञच आहोत. परंतु पावसाळ्यात नाव नोंदवायचे, दिवाळीपर्यंत सवड होत नाही म्हणायचे आणि जानेवारीतल्या त्या रविवारी नवे बूट चढवून थेट आरंभरेषेवर उभे राहायचे, हा प्रकारही तिच्याबरोबर वाढला आहे. पुरस्कर्त्यांना शब्द दिलेला असतो, मग माघार घेणे कमीपणाचे वाटते.

सराव कमी पडला आहे हे धावणाऱ्याच्या लक्षात का येत नाही, ते आधी पाहू. शरीराचे सर्व भाग एका वेगाने तयार होत नाहीत. नियमाने धावू लागलेल्या माणसाचा दम काही आठवड्यांतच सुधारतो. हाडे आणि कंडरा यांना मात्र महिने लागतात. नवा ताण पडलेल्या जागी हाड प्रथम थोडे झिजते आणि नंतर भरून येते. दम वाढल्यामुळे उत्साह आलेला असतो, त्याच सुमारास नडगीचे किंवा पावलाचे हाड सर्वांत नाजूक अवस्थेत असू शकते. श्वास ‘चल’ म्हणतो आणि हाड अजून तयार नसते. अशा वेळी एकाएकी अंतर वाढवले की हाडाला बारीक तडा जातो. सुरुवातीला क्ष-किरण चित्रात तो बहुधा दिसतही नाही.

दुसरी गोष्ट इंधनाची. स्नायूंत व यकृतात साठवलेली साखर पूर्ण मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपैकी साधारण ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते. सरावलेले स्नायू चरबी अधिक वापरून ही शिल्लक पुरवतात, बिनसरावाच्या माणसाची त्याआधीच संपते. मुंबईच्या मार्गावर अनेक वर्षे पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, ऐन या टप्प्यानंतर लागत आला, आणि तेथे भल्याभल्यांची चाल मोडली. पाऊल वेडेवाकडे पडू लागले की गुडघा, घोटा व कंबर यांवरचा भार वाढत जातो.

हृदयाविषयी भीतीही नको आणि बेफिकिरीही नको. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात पूर्ण व अर्ध मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंमध्ये हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ४२ जण दगावले. म्हणजे धोका थोडा आहे. मात्र बॉस्टन मॅरेथॉनमधील ६० हौशी धावपटूंची २००४ व २००५ साली शर्यतीपूर्वी व नंतर तपासणी झाली, तेव्हा सरावाचा फरक स्पष्ट दिसला. आठवड्याला ५६ किलोमीटर किंवा त्याहून कमी धावणाऱ्यांच्या रक्तात हृदयस्नायूला इजा दाखवणारी द्रव्ये अधिक आढळली आणि उजव्या कप्प्यावरचा ताणही अधिक होता. ७२ किलोमीटरहून अधिक सराव असणाऱ्यांत हे प्रमाण कमी होते. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी नाव नोंदवण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी. शर्यतीच्या आदल्या दिवशी ईसीजीचा कागद घेऊन येण्यात फारसा अर्थ नसतो.

पाण्याचा धोका मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. बॉस्टनलाच २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्के जणांत सोडियम कमी आढळले. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला, त्यांत हे विशेष होते. सराव कमी म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे वाटेत पाणी पिण्याला वेळ अधिक. तहान नसतानाही प्रत्येक टेबलावर पेला रिचवला, तर रक्त पातळ होऊन मेंदूला सूज येते. गोंधळल्यासारखे बोलणाऱ्या, ओकाऱ्या होणाऱ्या धावपटूला आग्रहाने आणखी पाणी पाजू नये, वैद्यकीय मदतकेंद्राकडे न्यावे. उष्माघातातही माणूस असाच बरळतो. तेथे रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता बर्फाच्या पाण्याने अंग जागच्या जागी थंड करायचे असते. दोन्हींतील फरक ताप मोजून व रक्त तपासून कळतो, अंदाजाने नव्हे.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हा अपुऱ्या सरावावरचा सर्वांत वाईट उपाय होय. अति श्रमाने स्नायूंचे तंतू तुटतात आणि त्यांतील द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात उतरते. शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. क्वचित डायलिसिसपर्यंत पाळी येते. ज्या विभागासाठी निधी जमवायला धावले, त्याच विभागात धावणाऱ्याने दाखल व्हावे, हे आम्हांला मुळीच नको आहे.

म्हणून आमच्यासाठी धावणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ८०-जीच्या पावतीवर किलोमीटर लिहिलेले नसतात. सराव झाला नसेल तर सुमारे ६ किलोमीटरची ड्रीम रन निवडावी, चालत जावे किंवा मध्येच थांबावे. आपण दिलेला शब्द निधीचा आहे आणि तो तेवढ्याने पुरा होतो.

घरच्या मंडळींनी शर्यतीनंतर दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे. मांड्या-पोटऱ्या दुखणे स्वाभाविक आहे. परंतु लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तिचे प्रमाण घटले, किंवा स्नायू सुजून कडक झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे आणि शर्यतीआधी-नंतर घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावीत.