किटमधला डकोटा आणि खरा डकोटा



लांडवेअर कालव्याच्या काठाने जाताना टेक्निक म्युझियमच्या इमारतीबाहेर उंचावर टांगलेले विमान तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. ते डग्लस सी-४७. बर्लिनकर त्याला ‘रोझिनेनबॉम्बर’, म्हणजे बेदाण्यांचे बॉम्बर म्हणतात. आपल्याकडे ते डकोटा. या विमानाचे एक जुने प्लास्टिकचे किट आमच्या घरी आले. डब्यावरचे चित्र झकास, पण आतला माल बराच चुकीचा! असे किट फेकून न देता दुरुस्त कसे करायचे, ते सांगतो.

आधी मोजणी. डब्यावर १:७२ असे लिहिलेले असते. म्हणजे मॉडेलचा एक इंच हा खऱ्या विमानाचे सहा फूट. खऱ्या सी-४७ च्या पंखांचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर २९.११ मीटर आणि लांबी १९.४३ मीटर. ७२ ने भागा. उत्तर ४०४ आणि २७० मिलिमीटर. तुकडे न चिकटवता नुसत्या टेपने जोडा आणि फुटपट्टी लावा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो सोडून द्या.

आता उलटा हिशेब करू. आमच्या किटवर रिव्हेटचे टपोरे ठिपके होते, प्रत्येक अर्धा मिलिमीटर रुंद. त्याला ७२ ने गुणा : ३६ मिलिमीटर. पाणीपुरीच्या पुरीएवढा रिव्हेट कोणत्या विमानाला असतो? पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटर! दोन्हींवर उपाय एकच, पॉलिश पेपर. तो पाण्यात भिजवून घासावा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. पंखाचे दोन भाग चिकटवण्यापूर्वी आतल्या बाजूने घासले की कड पातळ होते आणि बाहेरचा आकार बिघडत नाही.

मग इंजिन. सी-४७ च्या इंजिनात १४ सिलिंडर असतात, सात-सातच्या दोन रांगांत. आमच्या किटमध्ये एकाच रांगेत नऊ होते. सुरुवातीच्या काही डीसी-३ प्रवासी विमानांना नऊ सिलिंडरांची इंजिने होती, पण सी-४७ ला ती चालत नाहीत. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, प्रत्येकीवर जाड तारेचे सात तुकडे बसवा आणि मागची चकती थोडी फिरवा, म्हणजे पुढच्या फटींतून मागचे सिलिंडर दिसतील.

पंखांचा मधला भाग सपाट असतो, बाहेरचे भाग टोकाकडे वर चढत जातात. दोन्ही बाजूंचा चढ सारखा यावा म्हणून पुठ्ठ्याचा एकच साचा कापून दोन्हीकडे लावावा. मालाचे मोठे दुहेरी दार डाव्या बाजूला, मागे असते. हे विमान शेपटीच्या चाकावर बसते, म्हणून नाकात वजन भरायची गरज नाही. वजनाने टायर किंचित दबतात, तेव्हा चाके खालून थोडी घासून सपाट करावीत.

शेवटी खुणा, आणि इथे खरी परीक्षा आहे. किटमध्ये काळे-पांढरे पट्टे दिलेले असतात. ते जून १९४४ मधल्या नॉर्मंडीच्या चढाईचे. त्या वेळी या विमानांतून छत्रीधारी सैनिक उड्या मारत होते. चारच वर्षांनी, जून १९४८ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली आणि याच जातीची विमाने कालच्या शत्रूच्या राजधानीत पीठ आणि कोळसा घेऊन उतरू लागली. हवाई पुलाने सप्टेंबर १९४९ पर्यंत सुमारे २३ लाख टन माल आणला, त्यात सर्वात जास्त कोळसा होता. १९४४ चे पट्टे ठेवून ‘रोझिनेनबॉम्बर’ अशी पाटी लावली, तर हा बदलच पुसला जातो. तुमच्या वर्गमित्राच्या पणजीने ती थंडी काढली असेल, तर तिला काय वाटेल?

म्हणून बर्लिनचे अमेरिकन विमान हवे असेल तर पट्टे नकोत. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पट्टीत एक लाल रेघ मात्र हवी, कारण ती जानेवारी १९४७ मध्ये आली. रुमालाच्या छत्र्यांना चॉकलेटे बांधून टाकणारे गेल हॅल्वरसन चार इंजिनांचे सी-५४ चालवत. त्या छत्र्या आपल्या दोन इंजिनांच्या मॉडेलला लावू नयेत.

भारतीय डकोटा करायचा असेल तर तोही इतिहास मोठा आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला डकोटांनीच शीख रेजिमेंटचे जवान दिल्लीहून श्रीनगरला नेले. २०१८ मध्ये भारतीय हवाई दलाला मिळालेल्या, दुरुस्त केलेल्या डकोटाचे नाव ‘परशुराम’ आहे. कोणते वर्ष ते आधी ठरवा, मग त्या वर्षाचा फोटो शोधा आणि त्यानंतरच रंगाची डबी उघडा.

पालकांना विनंती : कटर आपल्या हाती ठेवावा, गोंद आणि रंग वापरताना खिडकी उघडी असावी. मोजणी आणि गुणाकार मात्र मुलांनाच करू द्यावेत, आणि मोठ्याने, मराठीत. ‘बाहत्तर’ हा आकडा पुन्हा कधी विसरणार नाहीत!